चाळीस चित्रपट पाहिले, तरी पेपर का जमत नाही?

एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चित्रपट अभ्यासाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला, ‘आंतरराष्ट्रीय सिनेमा : १९४० ते १९६५’ हा पेपर निवडला. साठ चित्रपटांची यादी हातात पडली. त्यातले चाळीसेक पाहून झाले, टिपणं काढून झाली. तरी पहिल्या निबंधाला जेमतेम गुण आणि खाली शेरा : ‘हे रसग्रहण झालं, इतिहास कुठे आहे?’ मग इतिहास म्हणजे नेमकं करायचं काय? परकी भाषा शिकावीच लागते का? प्रबंधिकेसाठी ‘नववास्तववादाचा जागतिक सिनेमावरील प्रभाव’ हा विषय कसा वाटतो? आणि जाता जाता, काहीशा संकोचानं : ‘लाव्हेंतुरा’ हा इटालियन चित्रपट पाहताना दोनदा झोप लागली, आता काय करू?

हा पेपर मी बावीस वर्षं शिकवतो आहे. शेवटच्या प्रश्नापाशी शेवटी येतो, कारण खरं तर तो सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

आधी शेऱ्याबद्दल. शेरा बरोबर आहे, पण तुमची चूकही समजण्यासारखी आहे. आपण सगळे या विषयाकडे प्रेमापोटी येतो. एखादा चित्रपट मनात घर करतो, त्याच्याबद्दल बोलावंसं वाटतं आणि ते बोलणं निबंधात उतरतं : प्रकाशयोजना अशी, शेवटचा शॉट असा, माणसाचं एकटेपण असं. यात वाईट काही नाही. पण ते सगळं पडद्यावर जे दिसतं त्याबद्दलचं बोलणं असतं. इतिहासाला पडद्याच्या मागे आणि समोरही जावं लागतं. पैसा कुणी दिला, फिल्म कुठून आली, परवानगी कुणी दिली, कुणी अडवली, किती लोकांनी पाहिला, कुठल्या गावात पोचलाच नाही, आणि आज सत्तर वर्षांनी तो तुमच्या लॅपटॉपवर कुठल्या वाटेनं आला. चित्रपट तोच राहतो, पण त्याला विचारायचे प्रश्न बदलतात.

मला हे कसं कळलं ते सांगतो. विद्यार्थी असताना मी ‘रोम, ओपन सिटी’वर निबंध लिहिला होता. इटालियन दिग्दर्शक रोस्सेलिनींचा १९४५ चा चित्रपट, नववास्तववादाची (म्हणजे युद्धोत्तर इटलीतल्या साध्या माणसांच्या, खऱ्या जागी चित्रित केलेल्या चित्रपटांच्या प्रवाहाची) सुरुवात म्हणून प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. मी रंगून लिहिलं होतं की जर्मन सैन्य रोममधून नुकतंच गेलेलं, स्टुडिओ बंद, कच्ची फिल्म मिळत नाही. त्यामुळे रस्त्यावरच्या छायाचित्रकारांकडून मिळतील ते फिल्मचे तुकडे जोडून चित्रपट काढला, म्हणून काही दृश्यं उजळ आणि काही काळवंडलेली. माझ्या सरांनी समासात एकच शब्द लिहिला : ‘कशावरून?’ मी चार पुस्तकं पुढे केली. ते म्हणाले, ‘चौघांनी एकमेकांचंच वाचलंय.’

तेव्हा मला राग आला होता. पुढे १९९५ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं त्या चित्रपटाचं पुनरुज्जीवन केलं. त्या वेळी मूळ निगेटिव्ह तपासली, तर त्यात फिल्मचे फक्त तीन प्रकार सापडले : बाहेरच्या दृश्यांसाठी फेरानिया कंपनीची एक आणि आतल्या दृश्यांसाठी आग्फा कंपनीच्या दोन. उजेडातला तो चढउतार तुकड्यांमुळे आलेला नव्हता, तर लॅबमधल्या ढिसाळ धुलाईमुळे आलेला होता. दुसरी गोष्ट, ‘सगळं खऱ्या जागी चित्रित केलं’ हेही अर्धंच खरं आहे. गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांचं कार्यालय, पाद्र्याची खोली हे सेट होते, व्हिया देल्यी आव्हिन्योनेझी या रस्त्यावरच्या एका जागेत उभारलेले. म्हणजे ज्या ‘खरेपणा’चं आपण कौतुक करतो त्यात टंचाई होती, कसब होतं, लॅबची चूक होती आणि नंतर रचली गेलेली दंतकथाही होती. या चार गोष्टी वेगळ्या काढणं हेच आपलं काम. दंतकथा फेकून द्यायची नाही बरं. ती कुणी पसरवली आणि लोकांना ती का आवडली, हाही इतिहासच.

तेव्हा तुमच्या चाळीस टिपणांपैकी कुठलंही एक काढा आणि प्रत्येक विधानापुढे ‘कशावरून?’ लिहा. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘पाठ्यपुस्तकात आहे’ असं येईल. तिथून अभ्यास सुरू करायचा.

एक उदाहरण जरा सावकाश पाहू, कारण या काळाची जवळजवळ सगळी गुंतागुंत त्यात सापडते. जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा ‘राशोमोन’ तुम्ही पाहिलाच असेल. एक खून, चार हकिगती, सत्य कुणाचं? निबंध बहुधा इथेच रेंगाळतो. आता दुसऱ्या बाजूनं जाऊ. १९५० साली जपानवर अमेरिकी ताबा होता आणि तो एप्रिल १९५२ पर्यंत राहिला. १९४५ च्या नोव्हेंबरमध्येच ताबेदार प्रशासनानं तेरा निषिद्ध विषयांची यादी काढली होती. सरंजामी निष्ठा, सूडकथा, युद्धाचं उदात्तीकरण वगैरे. त्यामुळे तलवारींचे चित्रपट अडचणीत आले. खुद्द कुरोसावांनी १९४५ मध्ये केलेला ‘वाघाच्या शेपटीवर पाय ठेवणारी माणसं’ हा चित्रपट १९५२ पर्यंत डब्यात पडून राहिला. असं असताना १९५० मध्ये एक सामुराई आणि एक दरोडेखोर पडद्यावर येतात, पण त्यात निष्ठा नाही, पराक्रम नाही, लढाई तर हास्यास्पद आहे : दोघं धापा टाकतात, अडखळतात, घाबरतात. आता ही लढाई पुन्हा पाहा. ती ‘मानवी स्वभावाचं दर्शन’ आहेच, पण काय दाखवायला मोकळीक होती आणि काय नव्हती, याच्या चौकटीतही ती बसते. यातलं एक दुसऱ्याचं कारणच होतं असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला कागद लागेल. पण प्रश्न तरी पडायला हवा.

मग ‘राशोमोन’ व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाला कसा गेला? निर्मिती संस्था होती दाइएई. तिला या चित्रपटाबद्दल फारसा उत्साह नव्हता. इटालियन चित्रपटांचं जपानमध्ये वितरण पाहणाऱ्या ज्युलियाना स्त्रामिजोली यांनी तो पाहिला आणि महोत्सवासाठी सुचवला. तो पाठवला गेला आहे हे कुरोसावांनाही माहीत नव्हतं. सप्टेंबर १९५१ मध्ये त्याला सुवर्णसिंह हे तिथलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्याच वर्षाच्या शेवटी आरकेओ या अमेरिकी कंपनीनं तो न्यूयॉर्कमध्ये लावला, पुढच्या मार्चमध्ये मानद ऑस्कर आलं. आणि मग दाइएईला अचानक परदेशी बाजाराचा शोध लागला. मिझोगुचींच्या ‘उगेत्सु’ला १९५३ मध्ये व्हेनिसला रजतसिंह आणि ‘गेट ऑफ हेल’ या ईस्टमनकलरमधल्या रंगीत पोशाखी चित्रपटाला १९५४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिन्ही दाइएईचे, तिन्ही जुन्या काळातले, किमोनो आणि तलवारी असलेले. परदेशात ‘जपानी सिनेमा’ म्हणून जी प्रतिमा तयार झाली ती अशी झाली.

आणि दुसरे जपानी दिग्दर्शक ओझू? त्यांचा ‘टोकियो स्टोरी’ १९५३ चा. साध्या घरातल्या साध्या माणसांचा चित्रपट परदेशात कुणाला कळणार, असं निर्यात करणाऱ्यांनाच वाटत होतं. त्याला लंडनमध्ये सदरलँड करंडक मिळाला तो १९५८ मध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये तो रीतसर प्रदर्शित झाला १९७२ मध्ये. म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या ‘१९५० च्या दशकातला जपानी सिनेमा’ या एकाच प्रकरणात शेजारी शेजारी बसलेले हे दोन दिग्दर्शक जगाला तब्बल वीस वर्षांच्या अंतरानं भेटले. हे अंतर लक्षात न घेता ‘कुरोसावा आणि ओझू : तुलना’ असा निबंध लिहिला, तर तुमच्या परीक्षकाला पुन्हा तोच शेरा लिहावा लागेल.

(ओझूंच्याच ‘लेट स्प्रिंग’मध्ये, १९४९ मधल्या, मुलगी सायकलवरून समुद्राकडे जाते तेव्हा वाटेत कोका-कोलाची पाटी येते. वर्गात ती दाखवली की सगळे हसतात. मी विचारतो, ताब्यातल्या देशात ही पाटी तिथे कशी आली, आणि दिग्दर्शकानं ती चौकटीत का ठेवली? पुढचा तास त्यातच जातो.)

आता कायदे आणि पैसा. विद्यार्थ्यांना हा भाग रटाळ वाटतो, मला सगळ्यात चविष्ट. फ्रान्सचं घ्या. ‘नवलाट’ म्हटलं की (म्हणजे पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी आलेली तरुण फ्रेंच दिग्दर्शकांची पिढी) दिग्दर्शक झालेले तरुण समीक्षक, ‘काइए द्यू सिनेमा’ हे १९५१ पासूनचं मासिक, १९५४ च्या जानेवारीतला त्रुफोंचा प्रस्थापितांवर तुटून पडणारा लेख, आणि १९५९ मध्ये कानला त्यांना मिळालेलं दिग्दर्शनाचं पारितोषिक, एवढी साखळी सांगून लोक थांबतात. ती खरी आहे, पण हवेत लटकते. तिच्याखालची जमीन अशी : मे १९४६ मध्ये ब्लुम-बर्न्स करार झाला. युद्धकर्जाची माफी आणि नवं कर्ज यांच्या बदल्यात फ्रान्सनं अमेरिकी चित्रपटांना दार उघडलं. दर तिमाहीच्या तेरा आठवड्यांपैकी फक्त चार आठवडे फ्रेंच चित्रपटांसाठी राखीव राहिले. चित्रपटवाले रस्त्यावर उतरले. १९४८ मध्ये चाराचे पाच आठवडे झाले आणि तिकिटावरच्या करातून देशी निर्मात्यांना मदत देणारा कायदा आला. त्याआधी १९४६ मध्येच राष्ट्रीय चित्रपट केंद्र स्थापन झालेलं होतं. १९५९ मध्ये संभाव्य उत्पन्नावर आगाऊ रक्कम देण्याची योजना सुरू झाली. म्हणजे ज्या बंडखोरांनी ‘व्यवस्थे’ला शिव्या घातल्या, त्यांच्या पायाखाली त्या व्यवस्थेनंच एक सतरंजी अंथरून ठेवलेली होती. काहींच्या पायाखाली सासरची सतरंजी होती : त्यांच्यातल्याच शाब्रोलचा पहिला चित्रपट बायकोला वारसाहक्कानं मिळालेल्या पैशांतून झाला.

तंत्राचंही तसंच. ‘ब्रेथलेस’मधली ती मोकळी, पळती दृश्यं केवळ दिग्दर्शक गोदारच्या स्वभावातून आली नाहीत. छायाचित्रकार राउल कुतार यांनी इलफर्डची एचपीएस ही अतिसंवेदनशील फिल्म वापरली. ती स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी मिळायची, म्हणून तिची छोटी रिळं जोडून घेतली. त्यामुळे दिव्यांचा ताफा न घेता रात्रीच्या रस्त्यावर चित्रण करता आलं. कॅमेरा हलका होता, पण आवाज फार करायचा, म्हणून संवाद नंतर डब केले. चित्रणाच्या वेळी आवाज धरायचाच नसेल, तर दिग्दर्शक मागून नटांना ओरडून सूचना देऊ शकतो. शैली कुठून येते याचं उत्तर बऱ्याचदा अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींत असतं. नाग्रा नावाचं सुटसुटीत ध्वनिमुद्रणयंत्र पन्नाशीच्या शेवटी पुरेसं सुधारलं नसतं, तर साठीतल्या माहितीपटांचा तोंडवळाच वेगळा झाला असता.

हॉलिवुडवर मी इथे फार लिहीत नाही. त्यावर साहित्याचा डोंगर आहे. १९४८ चा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा पॅरामाउंट निकाल तेवढा नीट समजून घ्या. स्टुडिओंना स्वतःची चित्रपटगृहं सोडावी लागली आणि त्यामुळे स्वतंत्र चित्रपटगृहांत परदेशी चित्रपटांना जागा मिळाली. तुमच्या पेपरच्या दृष्टीनं तो निकाल अमेरिकेच्या आतल्यापेक्षा बाहेरच्या सिनेमासाठी महत्त्वाचा आहे.

आता प्रेक्षक. हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ब्रिटनमध्ये १९४६ साली १६३ कोटी तिकिटं विकली गेली. १९६० मध्ये आकडा ५० कोटींवर आला. जपानमध्ये १९५८ साली ११२ कोटींच्या वर प्रेक्षक आले आणि अवघ्या पाच वर्षांत ते निम्म्याहून कमी झाले. हा उतार डोळ्यांसमोर ठेवा. आपण ज्याला ‘कलात्मक सिनेमाचा सुवर्णकाळ’ म्हणतो तो नेमका याच उतारावर घडला : टीव्ही आला, गर्दी ओसरली, आणि उरलेल्या प्रेक्षकासाठी वेगळा माल शोधणं धंद्यालाही परवडू लागलं. यांचा संबंध प्रत्येक देशात सारखा नाही, तो तपासूनच मांडावा लागतो. पण सुवर्णकाळ म्हणताना खुर्च्या मोजायला विसरू नका.

लोक पाहत काय होते, हा आणखी वेगळा प्रश्न. इटलीत १९४९ मध्ये माताराझ्झोंच्या ‘कातेने’ या रडक्या कौटुंबिक चित्रपटानं तिकीटबारीवर धुमाकूळ घातला. विनोदी नट तोतोचे चित्रपट एकामागून एक चालत होते. नववास्तववादी चित्रपटांपैकी ‘रोम, ओपन सिटी’ खूप चालला, पुढचे बरेच चालले नाहीत. दिग्दर्शक डी सिकांच्या ‘उंबेर्तो डी’वर तर तरुण उपमंत्री आंद्रेओत्ती यांनी १९५२ मध्ये जाहीर पत्र लिहून नाराजी व्यक्त केली, आणि हे तेच गृहस्थ ज्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या १९४९ च्या कायद्यानं देशी चित्रपटांना पैसाही पुरवला आणि पटकथेवर नजरही ठेवली. तुमच्या साठांच्या यादीत ‘कातेने’ आहे का? नसेलच. ती यादी इटलीच्या प्रेक्षकांनी केलेली नाही, लंडन-पॅरिसच्या समीक्षकांनी केलेली आहे.

याद्यांचाही इतिहास असतो. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकानं १९५२ मध्ये समीक्षकांचा पहिला कौल घेतला, तेव्हा पहिला आला डी सिकांचाच ‘बायसिकल थीव्ह्ज’, अवघ्या चार वर्षांचा चित्रपट. ‘सिटिझन केन’ हा अमेरिकी चित्रपट पहिल्या दहांत नव्हता. दहा वर्षांनी तो पहिला आला आणि २०१२ पर्यंत हलला नाही. चित्रपटाची फ्रेमही बदललेली नव्हती, मग बदललं काय? या एका प्रश्नावर उत्तम सत्र-निबंध होतो.

‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाबद्दलही जरा बोलायला हवं. अभ्यासक्रमात त्याचा अर्थ बहुधा ‘कान-व्हेनिस-बर्लिनला पोचलेला’ असा असतो. पण चित्रपट इतर वाटांनीही फिरत होते. राज कपूर यांचा ‘आवारा’ १९५४ मध्ये सोव्हिएत संघात लागला आणि सहा कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली. त्या दशकात युरोपातल्या किती पारितोषिकविजेत्या चित्रपटांना एवढा परदेशी प्रेक्षक मिळाला असेल? तरी ‘आंतरराष्ट्रीय सिनेमा’च्या यादीत तो क्वचितच असतो. दुसरं टोक पाहा. फ्रेंच वसाहतींत १९३४ पासून लाव्हाल हुकूमनामा होता. परवानगीशिवाय तिथे चित्रीकरण करता येत नसे. आफ्रिकेतल्या माणसानं आफ्रिकेत कॅमेरा हातात धरणं त्यामुळे जवळपास अशक्य झालं. सेनेगलचे उस्मान सेम्बेन चाळिशीच्या उंबरठ्यावर मॉस्कोला जाऊन मार्क दोन्स्कोय यांच्याकडे चित्रपट शिकले आणि १९६३ मध्ये त्यांनी ‘बोरोम सारेत’ केला, एका गाडीवानाच्या दिवसावरचा वीसेक मिनिटांचा लघुपट. ‘१९५० च्या दशकात आफ्रिकी सिनेमा नव्हता’ असं वाक्य लिहिताना तो ‘नव्हता’ की ‘होऊ दिला नाही’, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे.

आता एक सवय, जी पहिल्या दिवसापासून लावून घ्या. तुम्ही नेमकी कुठली आवृत्ती पाहिली ते लिहून ठेवायचं. किती मिनिटांची, कुठल्या साली पुनरुज्जीवित, सबटायटल कुठल्या भाषेत, चौकट मूळ आकाराची की कडा कापलेली. विद्यार्थी म्हणतात, सर, चित्रपट तर चित्रपटच ना? नाही. १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीत ‘कासाब्लांका’ दाखवला तो सुमारे पंचवीस मिनिटं कापून. नाझी अधिकारी गायब, आणि भूमिगत चळवळीचा पुढारी झाला नॉर्वेचा अणुशास्त्रज्ञ! हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये ‘मोगॅम्बो’ डब करताना विवाहबाह्य संबंध लपवायचे म्हणून नवरा-बायकोचे भाऊ-बहीण केले. त्या भावा-बहिणीच्या वागण्यामुळे प्रेक्षकांची काय समजूत झाली असेल ते तुम्हीच पाहा. आणि गंमत नसलेलं उदाहरण म्हणजे आलँ रेने यांचा १९५६ मधला ‘नाइट अँड फॉग’. छळछावण्यांवरच्या या माहितीपटात एका छायाचित्रात फ्रेंच पोलीस शिपायाची टोपी दिसत होती. फ्रेंच सेन्सॉरनं ती झाकायला लावली, कारण ज्यूंना डांबण्यात फ्रेंचांचाही हात होता हे तेव्हा दाखवायचं नव्हतं. शिवाय जर्मन वकिलातीच्या हरकतीमुळे तो कानच्या स्पर्धेतून काढला गेला. आज मिळणाऱ्या पुनरुज्जीवित प्रतीत टोपी दिसते. म्हणजे १९५६ च्या प्रेक्षकाला जे दिसलं नाही ते तुम्हाला दिसतं आहे. तुम्ही ‘तेव्हाचा’ चित्रपट पाहिला असं समजून लिहाल, तर निबंधाचा पायाच चुकेल.

चित्रपट पाहण्याची रीत विचारलीत, तर माझी अशी. पहिल्यांदा वही बंद ठेवून सलग. दुसऱ्यांदा निवडलेला दहा मिनिटांचा तुकडा, आवाज बंद करून. तिसऱ्यांदा तोच तुकडा, चित्राकडे पाठ करून. इटालियन चित्रपटांत हे जरूर करा. बहुतेकांचा आवाज नंतर चढवलेला असतो. ‘बायसिकल थीव्ह्ज’मधला नायक खरोखरचा कारखान्यातला कामगार होता, पण त्याच्या तोंडून येणारा आवाज दुसऱ्याचा आहे. नववास्तववादातल्या ‘वास्तवा’बद्दल तावातावानं बोलण्याआधी हे कानांनी ऐका. आणि सायकल चोरीला जाते त्या क्षणी तो भिंतीवर कुणाचं पोस्टर चिकटवत असतो ते पाहा : रिटा हेवर्थचं. युद्धोत्तर इटलीच्या चित्रपटगृहांत कुणाचं राज्य होतं ते एका फ्रेममध्ये सांगितलं आहे. साठ चित्रपट एकेकदा पाहण्यापेक्षा पंचवीस चित्रपट असे पाहा. बाकीच्यांची तोंडओळख पुरते, असं मी उघडपणे सांगतो. सहकारी माझ्यावर यासाठी चिडतात.

साधनांसाठी विमानाचं तिकीट काढावं लागत नाही. अमेरिकी धंदेवाईक नियतकालिकं, चाहत्यांची मासिकं, प्रदर्शकांची वार्तापत्रं यांचा फार मोठा साठा ‘मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी’मध्ये फुकट वाचता येतो. शोधायला ‘लँटर्न’ नावाचं साधन आहे. त्यात चित्रपटाच्या नावापेक्षा वितरकाचं नाव शोधून पाहा, जास्त हाती लागतं. उदाहरणार्थ जोसेफ बर्स्टिन. ‘बायसिकल थीव्ह्ज’ अमेरिकेत आणणारा हा माणूस. पोरगं भिंतीकडे तोंड करून लघवीला उभं राहतं आणि बाप चोराचा पाठलाग करत कुंटणखान्यात शिरतो, ही दोन दृश्यं कापा असं चित्रपट तपासून मान्यतेचा शिक्का देणाऱ्या, अमेरिकी निर्मात्यांच्याच नियमावली कार्यालयानं सांगितलं. त्यानं नकार दिला, शिक्का मिळाला नाही, तरी चित्रपट चालवला. पुढे रोस्सेलिनींच्या ‘द मिरॅकल’वर न्यूयॉर्कमध्ये बंदी आली तेव्हा हाच गृहस्थ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५२ मध्ये चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे असा निकाल मिळवला. पाठ्यपुस्तकांत त्याला एक ओळ मिळते. त्या नियमावली कार्यालयाच्या फायली लॉस एंजेलिसजवळ बेव्हर्ली हिल्समधल्या मार्गारेट हेरिक ग्रंथालयात आहेत. त्यांतल्या पत्रव्यवहारावर आधारलेले लेख तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळतील. जुनी वृत्तपत्रं, चित्रपटगृहांच्या जाहिराती, सेन्सॉरचे दाखले, महोत्सवांच्या पुस्तिका, जे मिळेल ते चाळा. एका आठवड्याच्या जाहिरातींच्या पानावरून कुठल्या शहरात किती देशांचे चित्रपट एकाच वेळी लागलेले होते ते कळतं, आणि ते कुठल्याही सिद्धान्तापेक्षा जास्त शिकवतं. सिद्धान्त दुसऱ्या सत्रात वाचा, भूक लागल्यावर.

भाषा? एम.ए.साठी सक्ती समजू नका. पण ज्या देशावर लिहिणार, त्या भाषेत श्रेयनामावली वाचता येईल आणि शब्दकोश घेऊन एक परीक्षण उलगडता येईल एवढं तरी सहा महिन्यांत करा. सबटायटलवर संपूर्ण भिस्त ठेवून संवादांचं विश्लेषण करणाऱ्या निबंधाला मी गुण कापतो. पीएच.डी. करायची असेल, तर मात्र भाषेला पर्याय नाही.

आता तुमचा विषय. ‘नववास्तववादाचा जागतिक सिनेमावरील प्रभाव’. यातले तिन्ही मोठे शब्द काढून टाका. ‘प्रभाव’ तर आधी. दोन चित्रपट सारखे दिसले की आपण प्रभाव म्हणून मोकळे होतो. प्रभाव पडायला आधी चित्रपट पोचावा लागतो. कोण, कुठे, कधी, कुठल्या प्रतीवर? सत्यजित राय यांनी ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला तो १९५० मध्ये लंडनला, जाहिरात कंपनीच्या कामासाठी गेले असताना. भारतातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात, जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला गेलेल्या, तोच चित्रपट अनेक दिग्दर्शकांना पाहायला मिळाला. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ १९५३ चा. एकच चित्रपट दोन वाटांनी, दोन वर्षांच्या अंतरानं दोन दिग्दर्शकांपर्यंत पोचला आणि निघालेले चित्रपट किती वेगळे! रॉय यांच्या चित्रपटात गाणी आहेत, तारे-तारका आहेत, राय यांच्या ‘पथेर पांचाली’त नाहीत. तुमची प्रबंधिका एवढ्यावरच होऊ शकते : त्या महोत्सवात कुठले इटालियन चित्रपट दाखवले, कुणी निवडले, तेव्हाच्या वृत्तपत्रांनी काय लिहिलं. विषय लहान वाटेल. मार्गदर्शकांना दाखवा, ते बहुधा म्हणतील अजून लहान करा.

नोकरीचं तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मीही सांगत बसत नाही. संग्रहालयं, पुनरुज्जीवन, महोत्सवांची निवड समिती, सबटायटलिंग इकडे आमचे विद्यार्थी आहेत, थोडे आहेत.

राहिली झोप. आंतोनिओनींचा ‘लाव्हेंतुरा’ १९६० मध्ये कानला पहिल्यांदा दाखवला गेला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. लांबत जाणाऱ्या शॉट्सवर हसले, ओरडले. दुसऱ्या दिवशी चित्रपटकर्मी आणि समीक्षकांनी त्याच्या बाजूनं सह्या करून पत्रक काढलं, आणि महोत्सव संपताना त्याला ज्युरींचं पारितोषिक मिळालं. दोन वर्षांनी, १९६२ च्या त्या ‘साइट अँड साउंड’ कौलात, तो दुसरा होता, ‘सिटिझन केन’च्या लगेच खाली. तेव्हा कंटाळा येणाऱ्यांत तुम्ही पहिले नाही, आणि सभागृहात जागे राहून ओरडणाऱ्यांपेक्षा तुम्ही सभ्य आहात. पण झोप लागली हे लपवू नका, वापरा. अ‍ॅना बेटावर नाहीशी होते ती साधारण पंचविसाव्या मिनिटाला. तिथून पुढे आपण तिच्या शोधाची वाट पाहत राहतो आणि चित्रपट हळूहळू तो शोध विसरतो. तुमचा डोळा पहिल्यांदा कुठे लागला? शोध चालू असताना, की तो सोडून दिल्यावर? पुन्हा लावा आणि मिनिट लिहून ठेवा. मग १९६० सालची दोन परीक्षणं शोधा, एक शिव्या देणारं आणि एक डोक्यावर घेणारं, आणि ती दोघं कुठल्या दृश्याबद्दल बोलताहेत ते तुमच्या मिनिटाशी ताडून पाहा. दुसरा निबंध यावर लिहा.